रांगेत न बसणारा करंज

१४ जून २०२५, संध्याकाळी सव्वासात. रोपवाटिकेतून घरी आलो, चहा बाजूला ठेवून लिहितोय.

नारायणगावच्या पेठेत वरून तारा जातात, म्हणून दोन्ही बाजूंना लावायला मी दुकानदारांना बहावाच सुचवला. फार उंच जात नाही, रांग एकसारखी दिसते. कापडवाले कांतीशेठ खूश झाले. मग म्हणाले, "भाऊ, मधला तो जुना करंज लई वेगळा दिसतो. तो काढून टाकू."

त्याच करंजाखाली माझे वडील, दादा, पंक्चर काढतात. मी 'नको' न म्हणता रोपांचा आकडा टिपत राहिलो. का? सगळी झाडं सारखी हवीत, हे मीच पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

आत्ता दादांनी विचारलं, "रोपं कधी येणार रं? पाणी म्या घालीन. दिसभर करंजाच्या सावलीतच तर असतो."

मी नुसतं "सोमवारी" म्हणालो.