बारा पेले पाणी

तीर्थरूप दादास, धाकटीचा वाकून नमस्कार.

तुझी कंबर आता कशी आहे? जड काही उचलू नकोस. (हे मी वीस लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन तीन जिने चढणाऱ्या बाईच्या अधिकाराने सांगते आहे.) होय, तुझ्या कानावर आलं ते खरं आहे. शिवणकारखाना बंद पडल्यावर दोन महिने भिंतीकडे बघत बसले, आणि आता मी पाणी विकते.

आमच्या मागच्या इमारतीत नळ आहेत, पाणी नाही. तिथे टँकरवाल्याचं राज्य. साहेब मनात येईल तेव्हा उगवतात. मी हातगाडी घेतली, कॅन घासूनपुसून भरले आणि गेले. तर हा गृहस्थ माझ्याआधी दारोदार सांगून आलेला, की या बाईचं पाणी नाल्याचं आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते विकण्याजोगं नव्हतं, म्हणून पुसून टाकलं.

पहिल्या दारी पेला मागितला आणि घरच्यांच्या देखत कॅनमधलं पाणी गटागटा प्यायले. त्यांनी शांतपणे बघितलं, मान डोलावली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दारी तेच, तिसऱ्या दारी तेच. (फुकटची करमणूक कोण सोडतं?) असे बारा पेले झाले. तेराव्या दारात एक आजीबाई केव्हाच्या माझे पेले मोजत उभ्या होत्या. त्यांना पेला मागायचा सोडून मी संडास कुठे आहे ते विचारलं.

बाहेर आले तर आजी जिन्यात उभ्या राहून शेजाऱ्यांना सुनावत होत्या, "बारा पेले रिचवलेत हिने. नाल्याचं असतं तर एव्हाना आडवी झाली असती. मला दोन कॅन दे गं."

मग एकेक दार उघडलं. गाडी रिकामी करून खाली आले, तर टँकरवाला उन्हात घाम पुसत उभा. त्यालाही तळाचं पेलाभर दिलं. प्यायला बिचारा, शेवटच्या थेंबापर्यंत.

तू लिहितोस, हे सोड, घरी बस, मी पैसे पाठवतो. नको पाठवूस. खांदे सोलवटलेत, तरी उद्या सकाळी मी त्याच जिन्यात असेन.

तुझी,
धाकटी

ता. क. : पाणी तुझ्या परसातल्या विहिरीचं आहे. तू तिकडे नोकरीवर, म्हणून वहिनीकडून फाटकाची किल्ली घेतली. तुझी परवानगी आधी मागायला हवी होती. ती आता मागते.

आणखी एक ता. क. : नाही म्हणायचं असेल तर मला नको, वहिनीला कळव. कालपासून दुसरी हातगाडी ती ओढते.