टेकडीतल्या कोनाड्यात तीन जागा

मी, हेस्टर ऑड्री पिनॉक, वय वर्षे ७९, धंदा दगडी भिंती रचणे (आता गुडघ्यांमुळे फक्त दुसऱ्यांच्या भिंतींना नावे ठेवणे), राहणार लिंचकोम, विल्टशायर, माझ्या पश्चात काय व्हावे ते येथे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे आणि नणंदेला दिसावा म्हणून तो मी दिवाणखान्यात टांगला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. यापूर्वीची तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. तिन्ही मी रागाच्या भरात केली होती.

कलम १. या सगळ्याची अंमलबजावणी शेतकरी गिडियन मॅस्लेन यांनी करावी. ज्याने मेलेल्यांसाठी आपल्या गव्हाच्या शेतात टेकडी उभारली, त्याला माझे कपाट आवरणे जड जाऊ नये.

कलम २. घर माझी भाची टॅम्सिन हिला. अट एकच: परसातली भिंत पाडायची नाही. ती वाकडी आहे, फुगलेली आहे, मला ठाऊक आहे. माझा नवरा विल्फ बस चालवायचा. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी कामावर गेले असताना मला चकित करायला म्हणून त्याने ती रचली. मी चकित झाले. ती आपण होऊन पडली तर पडू द्यावी.

कलम ३. बँकेत जे उरेल त्यातून दर वर्षी सर्वांत लहान दिवसाच्या सकाळी, टेकडीवर येणाऱ्या सगळ्यांना चहा, आल्याचा केक आणि सफरचंदाची दारू द्यावी. केक दुकानातला आणू नये.

कलम ४. आता विल्फविषयी. तो गेल्यावर त्याची रक्षा नऊ वर्षे माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटात, मुरंब्याच्या बरण्यांशेजारी होती. त्याची बहीण म्युरिएल म्हणायची, त्याला चर्चच्या आवारात आईवडिलांजवळ ठेवायचे. आवार केव्हाच भरले होते.

"पाद्रीबाबा करतील जरा सरकवासरकव," ती म्हणाली.

"तो काय बसमधला बाक आहे, सरकून घ्यायला?"

"मग शहरातल्या नव्या दफनभूमीत ठेव."

"त्या हमरस्त्याच्या कडेला? जन्मभर गाडी चालवून दमलाय गं तो!"

त्यावर ती दार आपटून गेली आणि नऊ वर्षे आम्ही एका गावात, एका दुकानात, चर्चच्या एका रांगेत बसून एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही.

कलम ५. मी एकाहत्तर वर्षांची असताना गिडियन घरी आला आणि म्हणाला, "हेस्टर, मला टेकडी बांधायचीय."

"आहेत की चिकार."

"त्या जुन्या. हजारो वर्षांपूर्वी इथली माणसं आपल्या लोकांना अशा टेकडीच्या पोटात एकत्र ठेवायची ना? पुन्हा पुन्हा आत जाऊन भेटायची. तशी नवी. आत दगडी खोल्या, भिंतीत कोनाडे, कोनाड्यांत रक्षाकलश. कुणालाही, कुठल्याही धर्माच्या."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि हातोडी शोधायला उठले. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते, विल्फने माफ करावे.

म्युरिएलने परवानगी देणाऱ्यांना आठ पानी हरकत पाठवली. त्यात "माझा भाऊ दर रविवारी चर्चला जात असे, तो गुहेतला माणूस नव्हता" हे वाक्य दोनदा होते. तरी परवानगी मिळाली. मग ती रोज अकरा वाजता घडीची खुर्ची घेऊन कुंपणाबाहेर येऊन बसू लागली. आम्ही चुनखडीच्या दगडांचा एकेक थर आत सरकवत घुमट मिटवत होतो. तिसऱ्या आठवड्यात कुंपणापलीकडून आवाज आला:

"वाकडाय तो."

नऊ वर्षांतला पहिला शब्द. मी म्हटले, "कुठला?"

"डावीकडून चौथा. आंधळी झालीस का?"

मी ओळंबा लावला. दगड अर्धे बोट बाहेर होता. मला असा संताप आला की मी पायाडावर बसून हसत सुटले, आणि ती कुंपणाला धरून हसत सुटली. दुसऱ्या दिवसापासून तिची खुर्ची कुंपणाच्या आत आली.

कलम ६. हातोड्या आणि छिन्न्या भिंतकामगारांच्या मंडळाला. ओळंबा म्युरिएलला. तिला त्याची गरज नाही, म्हणूनच.

कलम ७. टेकडी पुरी झाली. सर्वांत लहान दिवशी उगवता सूर्य दाराच्या बोळातून थेट शेवटच्या भिंतीपर्यंत येतो, तशीच ती रचली आहे. त्या सकाळी आम्ही विल्फला घेऊन गेलो. चाळीसेक माणसे, मेणबत्त्या, जो तो आपापला कलश पोटाशी धरून. ऊन आत आले, भिंती मधासारख्या झाल्या. मी कलश कोनाड्यात सरकवला. तो जाईना. पन्नास वर्षे दगड मापणाऱ्या बाईने नवऱ्याचा कोनाडा कलशाचे उंच झाकण न धरता मापला होता!

"ठोकून बघ," म्युरिएल कुजबुजली.

"नवऱ्याला ठोकू?"

"मग हो बाजूला." तिने झाकण काढले, पर्समधून थर्मासचा बुटका प्लॅस्टिकचा पेला काढला आणि विल्फच्या डोक्यावर उलटा, घट्ट बसवला. कलश आत गेला. कोणीतरी फिसकन हसले आणि घुमटाने ते हसू असे फिरवले, असे वाढवले की चाळीस माणसे डोळे पुसत हसत होती. शेजारचा एक म्हातारा बायकोच्या कलशाला म्हणाला, "बघ गं, शेजार बरा मिळालाय." नऊ वर्षे मला रडू आले नव्हते. ते तेव्हा आले, हसता हसताच, आणि म्युरिएलने आपला रुमाल दिला. तो मी परत केलेला नाही, करणारही नाही.

विल्फच्या डोक्यावरचा पेला काढू नये.

कलम ८. त्या कोनाड्यात तीन कलश मावतात (आता नीट मापून घेतले आहे). एक जागा विल्फची, एक माझी. तिसरी मी म्युरिएल पिनॉक हिला देते. तिला मूलबाळ नाही आणि त्या हमरस्त्याकडेच्या दफनभूमीत ती कोणाच्या चुका काढणार?

हे कलम वकिलांनी आत्ताच मोठ्याने वाचले. म्युरिएल समोर बसली आहे. साक्षीदार म्हणून सही करण्याचा हट्ट धरून ती सकाळपासून आली होती, पेनही स्वतःचे आणले होते. पुढे जे बोलणे झाले ते माझ्या सांगण्यावरून येथे नोंदवले आहे.

वकील म्हणाले, "बाई, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. तुम्ही सही केलीत तर ओळंबाही गेला आणि जागाही."

म्युरिएलने पेनाकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग टोपण लावून पेन पर्समध्ये ठेवले.

"मला कुठली बाजू?" तिने विचारले.

"डावी. त्याच्या बहिऱ्या कानाची."

"असू दे. मी मोठ्यानं बोलेन."

येणेप्रमाणे मजकूर वाचून, दोनदा हसून, मान्य करून खाली सही केली आहे.

(सही) हेस्टर ऑड्री पिनॉक

आम्हा दोघांच्या देखत सही झाली:
१. (सही) लोर्ना स्किडमोर, टपाल कचेरी, लिंचकोम
२. (सही) आयव्हर ब्लिक, चर्चचे घंटावादक, लिंचकोम

स्थळ: लिंचकोम
दिनांक: ३ मार्च २०२२