एम.ए. इतिहास, दहा विद्यार्थी

१२ जुलै
प्रिन्सिपलांनी बोलावलं. एकतीस तारखेपर्यंत एम.ए. इतिहासाला दहा ऍडमिशन झाल्या नाहीत, तर विभाग बंद. सध्या सहा. मी म्हणालो, झाशीत विटेविटेला इतिहास आहे, इथे चार विद्यार्थी मिळणार नाहीत? ते म्हणाले, विटा फॉर्म भरत नाहीत, जनार्दनजी.
सडेतोड उत्तर सुचलं. जिना उतरल्यावर.

१३ जुलै, सकाळी
संकल्प : घरोघरी जायचं. एका घरी दहा मिनिटं. जास्त नाही.

१९ जुलै
नगरा मोहल्ल्यात एक घर झालं. दोन तास. मुलीचे वडील डोळे मिटून ऐकत होते. त्यांची मान पडली तेव्हा मी सत्तावनच्या क्रांतीच्या कारणांवर होतो.
घरी लेकीला विनवलं. इंदू बी.ए. झाली आहे, मोकळीच आहे. मी मराठीत तासभर बोललो. तिने हिंदीत उत्तर दिलं. नहीं पापा. कमलिनी म्हणाली, अहो, आपल्या पूर्वजांनी एवढं बोलून झाशी मिळवली नव्हती.
बायकोला इतिहास कळत नाही.

२६ जुलै
गुडघा दुखतो. घरोघरी जाणं बंद. असला फुटकळ मार्ग आपला नव्हेच. शेवटच्या दिवशी हॉलमध्ये एकच व्याख्यान : ‘विद्यापीठातल्या इतिहासाचं भविष्य’. पुरे.

३१ जुलै, संध्याकाळी साडेसहा
चौघं आले. बरोबर चार!
त्यात बबीना छावणीतून चंपा, फौजीची बायको, मूल सासूकडे ठेवून आलेली. दुपारी एक ते पाच बोललो. पंखा बंद, तरी एक जण हलला नाही. चंपा सारखा कागद वर करत होती. म्हटलं, प्रश्न शेवटी. एकाने घड्याळ दाखवलं. म्हटलं, काळाचं भान इतिहासच देतो.
टाळ्या नाहीत. भारावले असावेत.
विभाग वाचला.

१ ऑगस्ट
ऑफिसातला रमाकांत म्हणाला, ऍडमिशनची खिडकी काल चारला बंद झाली. फॉर्मवर विभागप्रमुखाची सही लागते. चौघं सहीसाठीच बसले होते.
विभागप्रमुख मी. पेन खिशात होतं.
चंपाचा निरोप आहे. सरजी, बोलते बहुत अच्छा हैं.

३ ऑगस्ट
विशेष काही वाटत नाही. चहा घेतला. निवला होता.
विभागाचा निरोप समारंभ सोमवारी. प्रिन्सिपल म्हणाले, चार शब्द बोला. चारच, असं दोनदा म्हणाले.
मुद्दे काढायला बसलो आहे. सव्वीस झाले.