काचेतला उशीर

३ मार्च, रविवार. सकाळी १०.
मुलीचा फोन. परदेशातून. इकडचं तिकडचं झालं, मग तिने विचारलं, बाबा, माझ्या लग्नाला का नाही आलात, एवढंच सांगा. चार वर्षं झाली त्याला. माझं उत्तर पोचायला वेळ लागला. बरं, ठेवते, म्हणाली.
दोष लाइनचा. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होतो, मला कळतं. प्रकाश पोकळीत सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, काचेत शिरला की दोन लाख. आणि बोलणं हल्ली काचेच्या तारेतून, प्रकाश होऊन जातं. एक तृतीयांश वेग तिथेच गेला. माणूस काय करणार?

४ मार्च.
केबलवाल्याला बोलावलं. लाइन ठणठणीत आहे म्हणाला. मी म्हटलं, तार समुद्राखालून जाते, पाण्यातही प्रकाश मंदावतो. तो म्हणाला, काका, प्रकाश तारेच्या आत असतो, पाण्याचा काय संबंध? आठ हजार किलोमीटरला सेकंदाचा पंचविसावा भाग पुरतो. तुमचं उत्तर किती वेळ अडकलं होतं? मिनिटभर, म्हटलं. तो पाणी पिऊन गेला. थिअरी कच्ची.

१० मार्च, रविवार.
निश्चय: उत्तर आधीच लिहून ठेवायचं. कागदावर दोन शब्द लिहिले. मी चुकलो. फोन आला तर चष्मा सापडेना. तिकडच्या थंडीबद्दल बोललो. दोन शब्दांना चष्मा कशाला, हे नंतर सुचलं.

१७ मार्च, रविवार.
फोन नाही. तीन वाजेपर्यंत जेवलो नाही. भूक नव्हती म्हणून.

२४ मार्च, रविवार.
ऑफिसच्या कामाने येतेय. गुरुवारी दोन तास घरी. टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही, मधे फक्त हवा. हवेत प्रकाश जवळपास पूर्ण वेगाने जातो. आता सबब उरणार नाही. लाइनला, म्हणजे. शर्टाला इस्त्री केली.

२८ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६.
आली. केस पिकायला लागलेत तिचे. चहा झाल्यावर हळूच म्हणाली, बाबा, मी अजून उत्तराची वाट बघतेय. दोन्ही शब्द तोंडाशी आले होते. मी विचारलं, साखर बरोबर होती ना? तिने रिकामा कप उचलला. मग म्हणाली, आता तर आपल्यामधे काहीच नाहीये, बाबा. कप विसळून पालथा घातला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली.
आज हवा जरा दमट होती. नोंद करून ठेवतो.