रापणीपर्यंत जाणारी खुर्ची

तारकर्ली, शुक्रवार, संध्याकाळ

शाळा सुटली की मी आणि माझा धाकटा भाऊ मिनीन दप्तरासकट किनाऱ्यावर पळायचो, रापणीच्या जाळ्याची दोरी ओढायला. जाळं बाहेर आलं की दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा. दुसऱ्या दिवशी माझ्या फ्रॉकला वास यायचा आणि वर्गात सिस्टर नाक मुरडायच्या.

आता मी चाकाच्या खुर्चीत आणि वाटा घरपोच, न ओढता. ते बांगडे मला गिळवत नाहीत. म्हणून तर टायरांवर चढवायला रुंद रबरी पट्टे ओततेय, चाकं वाळूत रुतू नयेत म्हणून. पहिली जोडी फसली. फणसाच्या लाकडाचा साचा खाऱ्या वाऱ्यात वाळत ठेवला, त्याने ओल धरली आणि रबर वाफवलेल्या सान्नांसारखं फुगलं. नुसते बुडबुडे.

मिनीन आज म्हणाला, "बाय गो, पडवेतसून दर्या दिसता, वाटो घराक येता. वाळूत मराक खंय जातस?"

"दोरीक हात लावता तेचो वाटो. इसारलंस?"

तो मायेनेच बोलतो, पण मला ती माया बसवून ठेवते.

दुसरा साचा चुलीवरच्या माळ्यावर सुकवला होता. आज त्यातून जोडी निघाली. एकही बुडबुडा नाही, दोनदा बोट फिरवून पाहिलं. उद्या सकाळी जाणार. रुतले तर रुतले, तिथूनच दोरी ओढीन.

लिहून ठेवते. फुगलेली जोडी मिनीनच्या होडीला, धक्के सोसायला. साचा माझ्यानंतर गावात ज्याची खुर्ची वाळूत अडेल त्याला. चांगली जोडी, मी आहे तोवर, कुणालाही नाही.