पुसलेली तार

अण्णा,

तुमच्यासमोर बसून हे बोलायची हिंमत मला कधी झाली नाही. आता तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर लिहायला बसलेय, म्हणजे वरातीमागून घोडं. पण गेल्या रविवारी हसनाबादच्या काकू वारल्या आणि आता राहवत नाही.

सुरुवात माझ्याच तोंडाळपणानं झाली. लष्करातून निवृत्त होताना तुम्ही भंगारातून घेतलेला तो तारेचा रेकॉर्डर जालन्यातल्या आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, मागच्या खोलीत असायचा. केसाएवढ्या पोलादी तारेत माणसाचा आवाज राहतो, अशी फुशारकी मी एका लग्नात काकूंपुढे मारली. त्यांचे यजमान तुमच्याच तुकडीत होते, ब्रह्मदेशच्या लढाईत गेलेले. गोरा साहेब जवानांचे घरी धाडायचे निरोप तारेवर भरून घ्यायचा, तसलं एक रीळ त्यांच्या ट्रंकेतून घरी आलं होतं. ते फडक्यात बांधून काकू जवळपास चाळीस वर्षं बसल्या होत्या. पुढच्याच आठवड्यात एसटीनं दारात हजर! तुम्ही मला बाजूला घेतलंत. "कुनी सांगितल्ता तुला हा चोंबडेपणा?" इतकं हळू म्हणालात, की ओरडला असतात तर मी कमी घाबरले असते.

"एकडाव आवाज ऐकू द्या, भाऊजी," काकू म्हणाल्या. "मला त्यांचा आवाजच याद येत न्हाई आता."

"तार जुनी हाय, वहिनी. आधी मी बघतो. तुम्ही च्या घ्या."

तुमचा चहा घेऊन मी मागच्या खोलीच्या दारात उभी आहे. तुमची पाठ माझ्याकडे. आधी नुसती घरघर, मग एक तरणा आवाज, बिलकुल आपल्या भोकरदनकडचा. "मी बरा हाय. साहेबाला मराठी समजत न्हाई म्हनून सांगतो. मला काई झालं तर दुश्मनानं मारलं असं समजू नको." आणि मग तुमचं नाव. तुमचा हात खटक्यावर जातो. आवाज भरायचा खटका दाबला की तारेवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे तुम्हीच मला शिकवलेलं. तुम्ही आवाज मधेच तोडून तार पार सुरुवातीपर्यंत उलटी गुंडाळता आणि तोच खटका दाबून रीळ संपेपर्यंत बसून राहता. तारेवर आता फक्त तुमचा श्वास भरला जातोय.

"काई न्हाई राह्यलं, वहिनी," बाहेर येऊन तुम्ही सांगितलंत. काकूंनी रीळ पुन्हा फडक्यात बांधलं आणि, काय सांगू, तुमच्या पाया पडल्या. त्यानंतर तुम्ही दाराकडे पाठ करून कधी बसला नाहीत. मीही तुमच्यामागे कधी उभी राहिले नाही.

तुमच्या तेराव्याला काकू मला म्हणाल्या, "तू तिथं व्हतीस ना, बाई? खरंच काईच न्हवतं?" 'मी बरा हाय' एवढं तरी मी त्यांना देऊ शकले असते. पण मग त्यांनी पुढचं विचारलं असतं. मी म्हणाले, "न्हाई काकू. नुसती घरघर."

हे पत्र धाडायचा प्रश्नच नाही. शेगडीत जाईल. दोष तुम्हालाच देत आले इतकी वर्षं, पण खरं सांगते अण्णा, तो आवाज मधेच थांबला तेव्हा मला हायसं वाटलं होतं.