कासवाच्या कोरड्या टाकीचं उत्तर

मंगळवार, नोव्हेंबर १९७८. संध्याकाळ.

गोदाकाकी आत्ताच गेल्या. चहा न घेता, पण हसत.

कौन्सिलच्या बागेतल्या म्हाताऱ्या कासवाची टाकी महिनाभर कोरडी आहे. काकी शेजारीच राहतात, रोज कुंपणातून बालदीनं पाणी ओततात, तेवढ्यावरच कासव तगलंय. मी कौन्सिलात कारकून, म्हणून मला सांगायला आल्या. मी काय म्हणालो? तोंडी कुणी ऐकत नाही, लेखी द्या. त्यांना लिहिता येत नाही, तेव्हा तक्रारही मीच लिहून दिली, याच टेबलावर.

मागच्या आठवड्यात तोच कागद ऑफिसात माझ्यापुढे आला. साहेब म्हणाले, "नेहमीचं उत्तर टाइप कर." केलं. 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे.' बस्स. 'साहेब, टाकी खरंच कोरडी आहे,' एवढंही बोलता आलं नाही मला?

आज ते उत्तर घेऊन काकी वाचून घ्यायला माझ्याचकडे. "काय सांगतंय रे कौन्सिल?"

मी वाचलं, "टाकीत पाणी सोडतो म्हणतात." का? त्यांना वाईट वाटू नये म्हणून? छे. स्वतःचीच लाज झाकायला.

"बरं झालं रे देवा!" काकींनी हात जोडले. "मग उद्यापासनं मी बालदी नाय नेत. कंबर पार गेली बघ." वर साहेबांना आभाराचं पत्र लिहायला लावलं. तेही लिहिलं मी, सुरेख अक्षरात.

पत्र माझ्या खिशात आहे. उद्या टाकीत पाणी ओतायला कुणीच जाणार नाही.